बाहेर झोपलेली बॅटरी

तुमच्या घरात हिवाळ्यात शेगडीजवळची जागा कुणाची असते? खरं सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची, असं तुम्ही म्हणाल आणि स्वतःचीच पाठ थोपटून घ्याल. लडाखमधल्या रुंगदोत असं खोटं कुणी बोलत नाही. तिथे बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, गाडीची बॅटरी झोपते. म्हातारं माणूस तिच्या पलीकडे.

रोज संध्याकाळी पाच वाजता रुंगदोच्या टॅक्सी स्टँडवरून बॅटऱ्यांची वरात निघते. गाड्या रात्रभर स्टँडवरच राहतात, कारण वर गावात चढणाऱ्या गल्लीतून फार तर एक गाढव जातं. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, दोन बोल्ट सैल करतो, बॅटरी छातीशी धरतो आणि घरी जातो. सकाळी सातला तीच वरात उलटी येते. उणे वीसमध्ये रात्र काढलेली बॅटरी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टक्-टक् करते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

या वरातीत एकच बाई. कुन्झेस आंगमो, वय चव्वेचाळीस, यादीतला नंबर चार.

एकोणीस वर्षांपूर्वी ती टॅक्सी युनियनमध्ये नाव लावायला गेली तेव्हा त्या वेळचा अध्यक्ष म्हणाला होता, "नोमो, गाडी चालवणं राहू दे. इथे ज्याची बॅटरी त्यानेच घरी न्यायची असते. तुला उचलेल का?" कुन्झेसने स्वतःची बॅटरी डाव्या बाजूला घेतली, अध्यक्षाची उजव्या बाजूला घेतली, आणि दोन्ही आपल्या घरी नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षाला तिच्या दारात येऊन आपली बॅटरी मागावी लागली. तिने चहा दिला, खांबीर रोटी दिली आणि सगळ्यात शेवटी बॅटरी दिली. त्या दिवसापासून ती 'नोमो' म्हणजे धाकटी बहीण राहिली नाही. मोठी बहीण झाली. अचे कुन्झेस.

आता हिवाळ्याच्या यादीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. रुंगदोत थंडीच्या पाच महिन्यांत सहाच गाड्यांना काम मिळतं. वरच्या तीन गावांत मास्तर, नर्सबाई आणि रेशनवाला न्यायचे, येताना आजारी माणूस आणायचा. यादी ऑक्टोबरात लागते, मार्चात सुटते. यादीतल्या गाडीला रोज सकाळी आठला हजेरी द्यावी लागते, आणि ती हजेरी ड्रायव्हरची नसते, इंजिनाची असते. युनियनचा मुन्शी नवांग छोसफेल वही घेऊन उभा राहतो, नंबर पुकारतो, ड्रायव्हर किल्ली फिरवतो. आपल्या जोरावर गाडी सुरू झाली तर टिंब. ढकलावी लागली, उतारावर सोडावी लागली, शेजारच्या गाडीची वायर लावावी लागली, तर फुली. स्टँडच्या हद्दीत चालती गाडी बंद पडली तरी फुली. तीन फुल्या झाल्या की गाडी मार्चपर्यंत बाहेर, आणि सातवा जो वाट बघत बसलेला असेल तो आत. हा नियम कुणी केला ते विचारू नका. ज्याने केला त्याची गाडी दुसऱ्याच महिन्यात बाहेर गेली आणि तो अजून कुणाशी बोलत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुन्झेसच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. सातवा होता मुतुप. त्याने गाडी धुऊन ठेवली होती. उणे अठरामध्ये.

पहिली फुली ऑक्टोबरातली, आणि ती आठवली की कुन्झेसच्या कानशिलात अजून कढ येतो. जुनी गाडी विकून तिने उन्हाळ्यात लेहच्या एका टूरवाल्याकडून चार वर्षं वापरलेली पांढरी सात सीटर घेतली होती. डिझेल, पण नव्या तऱ्हेची. ऊन तापलेलं, गाडी तापलेली, वरच्या गावाहून पहिली फेरी करून ती परत आली आणि स्टँडच्या नाक्यावर ब्रेक दाबून उभी राहिली. तेवढ्यात इंजिन गप्प झालं. ही गाडी उभी राहिली की डिझेल वाचवायला आपलं आपण बंद होते आणि क्लच दाबला की आपलं आपण सुरू होते. तिचा तो गुण आहे. पण मुन्शीची टपरी नाक्यापासून वीस पावलांवर.

"बंद पडली," मुन्शी म्हणाला.

"पडली नाही. झाली."

"आवाज येतोय का?"

"मुन्शी-ले, ती मुद्दाम बंद होते. हे बघा, झाली सुरू."

"सुरू झाली हे चांगलं झालं. पण आधी बंद पडली." आणि त्याने फुली मारली. "गाडीच्या मनात काय होतं हे लिहायला वहीत रकाना नाही, अचे."

दुसरी फुली मात्र खरी होती. नोव्हेंबरपासून कुन्झेस या गाडीचीही बॅटरी रोज घरी नेत होती. सकाळी जोडली की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटायचे, घड्याळ बारावर आणि तारीख एक जानेवारीवर जायची. गाडी रोज सकाळी आजची तारीख विचारते, यात कुन्झेसला काही वाईट वाटलं नाही. रीतभात असलेली गाडी आहे, असं ती म्हणायची. मग डिसेंबरात एका शनिवारी सकाळी बुखारीजवळची गरम बॅटरी जोडूनही किल्ली फिरवल्यावर टक्-टक् झालं. पुन्हा टक्-टक्. तिसऱ्यांदा तेही नाही.

मुन्शीने फुली मारली. दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून मारली, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"अचे," मुतुप म्हणाला, "एक हिवाळा आराम करा की. गुडघ्यांनाही बरं."

"माझे गुडघे कुणी विचारले? तुझी गाडी कधी सुरू झालेली बघितलीय मी? ती फक्त आंघोळ करते."

सगळे हसले, पण कुन्झेसला हसू आलं नाही. तिची बॅटरी संपली होती आणि नवी कुठली घ्यायची यावर स्टँडवर सभा भरली. नंबर एकचे मेमे तोन्दुप, मेमे म्हणजे आजोबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांची जीप त्यांच्या लग्नाच्या आसपासची. त्यांचा शब्द स्टँडवर शेवटचा.

"ट्रकची घे," मेमे म्हणाले. "बॅटरी उचलताना आई आठवली पाहिजे. आई आठवली नाही तर ती बॅटरी नाही, डबा आहे."

"बसेल का पण मेमे-ले?"

"न बसायला काय झालं? दोरीने बांध."

बाकीच्यांचंही तेच मत पडलं. वजन जास्त म्हणजे जोर जास्त. कुन्झेसलाही ते पटलं, कारण वजन उचलण्यावरच तर तिचं नाव झालं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी हजेरी नसते. तिने मेमेंच्या जीपवरून वायर लावून गाडी सुरू केली आणि वाटेत कुठेही इंजिन बंद न करता लेह गाठलं.

लेहमध्ये बॅटरी म्हटलं की गुलाम मेहदी. कारगिलचा माणूस, दुकान बसस्टँडच्या खाली, पन्नाशीचा, बोलणं कमी आणि टोमणे जास्त. कुन्झेस त्याला सतरा वर्षं ओळखते आणि अचो, म्हणजे दादा, म्हणते. दुकानात शिरताच तिने भिंतीजवळच्या सगळ्यात मोठ्या बॅटरीवर हात ठेवला.

"जुले, अचो मेहदी. ही द्या."

"जुले. ट्रक कधी घेतलास?"

"ट्रक कशाला, गाडीला."

"मग हत्तीण सुरू करायचीय?" मेहदीने चहाचा पेला खाली ठेवला. "गाडी दाखव."

बॉनेट उघडून त्याने आधी वीत लावली. ट्रकची बॅटरी ट्रेच्या बाहेर चार बोटं येत होती आणि उंचीला एवढी होती की बॉनेट लावलं तर पत्रा थेट वरच्या टोकांवर टेकला असता.

"दोरीने बांधीन," कुन्झेस म्हणाली.

"बांध. बॉनेट टेकलं की ठिणगी पडेल आणि बुखारीही लागणार नाही, गाडीच शेकायला पुरेल. शिवाय प्लस-मायनसची टोकं उलट्या बाजूला आहेत. वायर ओढून ताणून लावशील, म्हणजे रस्त्यात तुटेल." मग तो जुन्या बॅटरीवर वाकला. "ही कुणी बसवली?"

"होतीच की."

"टूरवाल्याने गाडी विकताना स्वस्तातली घालून दिलीय तुला. गाडी उभी राहिली की बंद होते ना?"

"होते म्हणून तर फुली बसली!"

मेहदीला फुलीचं काही कळलं नाही. त्याने ट्रेच्या बाजूचा धुळकटलेला कागद बोटाने पुसला. कंपनीने गाडीबरोबर कुठली बॅटरी दिली होती ते त्यावर छापलेलं होतं. "हे वाच. तीन अक्षरं दिसली? ही आतून काचेच्या कापडाची बॅटरी. आत पाणी हलत नाही, कापडात मुरलेलं असतं. दिवसात पन्नास वेळा इंजिन बंद-चालू झालं तरी दमत नाही. हिच्या जागी साधी बॅटरी बसवणं म्हणजे लग्नातल्या पन्नास पाहुण्यांना घरातल्या एका थर्मासमधून चहा पाजणं. पहिल्या आठ जणांना मिळेल."

त्याने तीन बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या. साधी. मग जाड पट्ट्यांची, मधली. मग काचेच्या कापडाची. मधलीवर कुन्झेसचा हात गेला, कारण तिची किंमत मधली होती.

"मधलीही बंद-चालू होणाऱ्या गाडीलाच असते. पण ज्या गाडीला मुळात मधली आली तिला. तुझ्या गाडीला वरची आलेली आहे. खालून वर जाता येतं, वरून खाली नाही. जावयासारखं आहे, मान एकदा वाढवला की उतरवता येत नाही."

"आणि वजन?"

"वजनाला काय करतेस? हे दोन आकडे बघ. हा पहिला, ती किती वेळ पुरेल याचा. हा दुसरा थंडीचा, गोठलेल्या सकाळी ती इंजिनाला किती जोरात ढकलेल याचा. कागदावर लिहिलंय त्याच्यापेक्षा दुसरा कमी घ्यायचा नाही. जास्त चालेल. रुंगदोला तर जास्तच हवा."

कुन्झेसने दोन्ही आकडे बघितले, तिसरा त्याने सांगितला नव्हता तोही बघितला. झाकणावर एका कोपऱ्यात बारीक ठोकलेला होता.

"ही कधी बनली?"

मेहदीने दाढी खाजवली.

"चौदा महिने झाले की हिला, अचो मेहदी. तुमच्या दुकानात बसून म्हातारी झाली. मला पोरगी दाखवा."

मेहदी आतून दुसरी घेऊन आला. तीन महिन्यांपूर्वीची. मीटर लावून दाखवला. जाताजाता पुटपुटला, "रुंगदोच्या लोकांना आकडे शिकवायला नको होते."

जुनी काढताना त्याला मायनसच्या टोकावरची काळी डबी दिसली. काडेपेटीएवढी, तिच्यातून दोन बारीक वायरी निघालेल्या, आणि एका कडेला तडा गेलेला.

"हे काय केलंस?"

"मी काय करणार? रोज काढते, रोज लावते."

"रोज?"

"संध्याकाळी घरी नेते की. शेकायला."

मेहदी गाडीच्या बंपरवर बसला. त्याला कारगिलमध्ये असंच करणारे दोनशे ड्रायव्हर माहीत होते, त्यातला एक त्याचा बाप. "अचे, ही डबी म्हणजे या गाडीची नाडी बघणारा वैद्य आहे. बॅटरीत किती शिल्लक, किती गेलं, किती भरायचं, हे तो बसल्या जागी मोजतो. तू रोज संध्याकाळी वैद्याला मान धरून बाहेर काढतेस, सकाळी आणून बसवतेस. त्याचं सगळं मोजलेलं विसरतं. रोज पहिल्यापासून. मग तो भरायला सांगेल तरी किती? आणि आता त्याची मानच मोडलीय."

त्याने डबी बदलली, नवी बॅटरी बसवली, पट्टी आवळली. मग स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडून बटणं दाबत बसला.

"हे कशाला?"

"गाडीला सांगतोय, बॅटरी नवी आहे म्हणून."

"तिला दिसत नाही?"

"नाही. न सांगता सोडलं तर जुन्या आजारी बॅटरीला भरवत होती तसंच हिला भरवत राहील. धडधाकट माणसाला रोज पेज. झालं. आता एकच गोष्ट. ही काढायची नाही."

"रात्री?"

"रात्रीही नाही."

"अहो गोठेल ती! उणे तेवीस होतंय!"

"रिकामी बॅटरी उणे दहालाच गोठते. भरलेली उणे तेवीसला गोठत नाही. जोर कमी होतो, त्यासाठीच थंडीचा आकडा मोठा घेतलाय. आता तीन तास घरी जाशील, भरेल. तिथे छोट्या फेऱ्या असतील तर मागचा हीटर आणि गाणी बंद ठेव. रविवारी तासभर लांब पळव. कुणी वायर लावून मदत केली तर काळा चिमटा बॅटरीवर लावू द्यायचा नाही, इंजिनच्या या बोल्टवर. बाकी, पाना घरी ठेव."

परतीच्या तीन तासांत कुन्झेसने गाणी लावली नाहीत. एरवी ती लावते, आणि सोबत म्हणतेही. त्या दिवशी ती फक्त घड्याळाकडे बघत होती. मेहदीने लावून दिलेली तारीख बरोबर होती. हे तिला जरा परकं वाटलं.

पाचला ती स्टँडवर पोचली तेव्हा वरात निघायची वेळ झालेली. तिने गाडी चार नंबरवर लावली, कुलूप लावलं आणि पायवाटेला लागली. हात रिकामे.

सगळ्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. मग मुतुप बोलला, "अचे, बॅटरी राहिली."

"आत आहे."

"घरी न्यायची ना?"

"नाही."

दोघा-तिघांनी बॉनेटमधून डोकी वर काढली. मग मागून कुणीतरी हळू, पण ऐकू येईल इतपत हळू म्हणालं, "पाठ गेली वाटतं अचेची."

कुन्झेस थांबली. तिला मेहदीचा प्रत्येक शब्द पाठ होता, वैद्य, पेज, सगळं. ते इथे उभं राहून सांगता आलं असतं. पण एकोणीस वर्षांत या स्टँडवर समजावून सांगितल्याने कुणाला काही पटलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिचा हात अंगातल्या लांब, जाड गोंच्याच्या खिशात गेला. दहा नंबरचा पाना तिथे होता. सवयीने घेतलेला. दोन बोल्ट, एक मिनिटाचं काम. बॅटरी छातीशी आली असती, तोंडं बंद झाली असती आणि सकाळी गाडीने पुन्हा तारीख विचारली असती.

ती मागे वळली आणि मेमे तोन्दुपांकडे गेली. मेमे आपल्या बॅटरीचे बोल्ट सोडवून उभे होते, श्वास गोळा करत. त्यांची बॅटरी त्यांच्याच सल्ल्यातली, ट्रकची, दोरीने बांधलेली. कुन्झेसने ती उचलली, डाव्या कडेवर घेतली, उजव्या हाताने मेमेंचा दंड धरला आणि चढावर चालायला लागली.

"आई आठवली का?" मेमेंनी विचारलं.

"तुमची आठवली, मेमे-ले. कसं वाढवलं असेल तिने तुम्हाला."

मेमे वाटभर हसत होते. मागे कुणी पाठीचं नाव काढलं नाही.

घरी बुखारीजवळ पाट मांडलेला होता. सासूने, आमा-लेंनी, वर टाकायला जुन्या गोंच्याचा तुकडा घेऊन ठेवला होता.

"ती कुठेय?"

"बाहेर."

"भांडलात?"

"नाही आमा-ले. नवी आहे. तिला थंडी लागत नाही."

आमा-लेंनी कापड घडी करून ठेवलं. "सुरुवातीला सगळ्या असंच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि पाट ओढून स्वतः बुखारीजवळ सरकल्या. कितीतरी हिवाळ्यांनी.

सकाळी उणे तेवीस होतं. काचा आतून पांढऱ्या. मुन्शीने वही उघडली, पेनाला तोंडाने वाफ दिली. पहिला नंबर, मेमेंची जीप, चार झटक्यांनंतर खोकत सुरू झाली. टिंब. दुसरा टिंब. तिसरा टिंब.

मुतुप सातव्या जागेवर गाडी न लावता थेट चौथ्याच्या मागे लावून उभा होता. आपली बॅटरी त्याने सहालाच आणून जोडली होती.

"चार."

कुन्झेसने क्लच दाबला, किल्ली अर्धी फिरवली. डिझेल तापायची खूण, ती पिवळी वेटोळी, डॅशबोर्डवर पेटली. पूर्वीची गाडी असती तर तिने वाट बघितली नसती. ती वाट बघत राहिली. समोर मुन्शीचं पेन वर धरलेलं, आणि ते टिंबासाठी धरलंय की फुलीसाठी हे बघून कळत नव्हतं. मागच्या आरशात मुतुप. वेटोळी विझली. तिने किल्ली पूर्ण फिरवली.

एकदा जड घरघर झाली, म्हातारा कूस बदलतो तशी. आणि इंजिन सुरू झालं.

यात सांगण्यासारखं एवढंच. मुन्शीने टिंब दिलं. मुतुपने गाडी मागे घ्यायला किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली नाही, पण तो यादीत नसल्याने त्याला फुलीही मिळाली नाही. दोघा-तिघांनी ढकलून त्याला सातव्या जागेवर नेलं. ढकलणाऱ्यांत कुन्झेस होती.

मग ती मुन्शीच्या टपरीत गेली आणि वहीवर हात ठेवून उभी राहिली.

"ऑक्टोबरातली फुली खोडा."

"वहीत खोडत नाहीत, अचे. एक खोडली की उद्या सगळे रबर घेऊन येतील."

"मग बाजूला लिहा. गाडी ठीक होती, असं."

"लिहितो की. पण सही कुणाची?"

"तुमची. मारली कुणी?"

मुन्शीने चहा ओतला, दोघांनी प्यायला, दुसरा ओतला. शेवटी त्याने फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: गाडी ठीक होती. खाली सही केली. फुली मात्र फुलीच राहिली, आणि मोजताना ती धरतातच. म्हणजे कुन्झेसच्या नावापुढे दोन फुल्या आहेत. मार्चपर्यंत तिने तिसरी होऊ दिली नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. पुढच्या ऑक्टोबरात पान कोरं होईल, पण नियम तोच राहील आणि मुन्शीही तोच.

म्हणून एक विनंती. कधी रुंगदोला आलात, हवा उबदार असली, आणि चौथ्या नंबरच्या पांढऱ्या गाडीत बसलात, तर नाक्यावर ती उभी राहून एकदम गप्प होईल. होऊ द्या. खाली उतरू नका, ढकलायला जाऊ नका, आणि काही झालं तरी 'बंद पडली' असं मोठ्याने म्हणू नका. मुन्शीची टपरी तिथून वीस पावलांवर आहे.